घोड्यांच्या टापांखालचा हिशेब : याकिमा कनटचं प्रकरण

१९४३ साली पडद्यावर आलेल्या ‘आयडाहो’ या नट रॉय रॉजर्सच्या कमी खर्चातल्या वेस्टर्नपटाच्या, म्हणजे अमेरिकी गुराख्यांच्या साहसपटाच्या, चित्रीकरणात एक स्टंटमन घोडागाडीवरून पडला आणि त्याचे दोन्ही पाय घोट्यांपाशी मोडले. वय सत्तेचाळिशीच्या आसपास. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी ‘बूम टाउन’मध्ये क्लार्क गेबलच्या जागी काम करताना घोडा त्याच्या अंगावर कोसळला होता आणि पोटात आतून जबर इजा झाली होती. ज्याची सगळी पुंजी म्हणजे शरीर, त्याच्यावर असे दोन अपघात पाठोपाठ आले की सहसा कहाणी तिथेच थांबते. पडद्यावर नाव नसतं, चेहरा तर मुद्दाम लपवलेला असतो, त्यामुळे आठवण ठेवायलाही कुणी नसतं.

या माणसाचं नाव याकिमा कनट. ‘बेन-हर’ १९५९ साली प्रदर्शित झाला, त्यातली नऊ रथांची शर्यत ज्यांनी उभी केली त्यांतला तो एक. म्हणजे घोटे मोडल्यावर त्याचं सर्वांत मोठं काम अजून व्हायचं होतं. स्टंटमनचा दिग्दर्शक होणं ही बढती असते असं आपण धरून चालतो. कनटच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. तो पहिल्यापासून दिग्दर्शकाचंच काम करत होता, फक्त ते कॅमेऱ्यासमोर, धुळीत पडून करत होता. घोटे मोडल्यावर जागा बदलली, काम तेच राहिलं. हे कसं, ते पाहायचं तर त्याच्या करामतींच्या आत शिरावं लागतं.

रोडिओच्या मैदानातून

एनॉस एडवर्ड कनटचा जन्म २९ नोव्हेंबर १८९५चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलफॅक्स गावाजवळचा. घर गुराढोरांचं, घोड्यांचं. शाळा जुजबी झाली, बाकीचं शिक्षण खोगिरावर. ऐन तारुण्यात तो रोडिओच्या, म्हणजे बिथरलेल्या घोड्यांवर टिकण्याच्या आणि गुरं पकडण्याच्या, स्पर्धांत उतरला. ऑरेगनमधल्या पेंडलटनची ‘राउंड-अप’ ही त्या काळची फार मानाची स्पर्धा. तिथे १९१४ साली वर्तमानपत्रातल्या एका फोटोखाली त्याचं नाव ‘याकिमा’ असं छापून आलं. याकिमा हे वॉशिंग्टनमधलंच दुसरं गाव, त्याचं गाव नव्हे. पण नाव चिकटलं ते कायमचं.

पेंडलटनचं अष्टपैलू विजेतेपद त्याने १९१७, १९१९, १९२० आणि १९२३ असं चार वेळा मिळवलं. मध्ये १९१८ला पहिल्या महायुद्धामुळे तो नौदलात होता. तिथे त्याला फ्लू झाला आणि स्वरयंत्राला इजा झाली. आवाज घोगरा, दबका झाला. त्या वेळी याचं कुणालाच काही वाटलं नसेल. घोड्यावर बसायला आवाज लागत नाही.

रोडिओचा हंगाम संपला की घोडेस्वार मंडळी लॉस एंजेलिसला जात, कारण तिथे वेस्टर्न चित्रपटांना माणसं हवी असत. कनटही गेला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो मूकपटांमध्ये नायक म्हणून दिसू लागला. देखणा, उंच, घोड्यावर शोभणारा, आणि स्वतःच्या करामती स्वतः करणारा. १९२६चा ‘द डेव्हिल हॉर्स’ हा त्यातला लक्षात राहणारा चित्रपट. मूकपटांच्या त्या वर्षांत त्याला डुप्लिकेटची गरजच पडली नाही.

मग बोलपट आले आणि तो घोगरा आवाज आडवा आला. नायकाने प्रेमाचे दोन शब्द बोलायचे तर ते ऐकू तरी आले पाहिजेत. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या कनटपुढे सरळ निवड होती : परत गुरांकडे जायचं, किंवा जे आवाजाशिवाय करता येतं ते करायचं. त्याने दुसरी वाट धरली. खलनायकाची लहान कामं घ्यायची, कारण खलनायकाला घोगरा आवाज चालतो, आणि बाकी वेळ दुसऱ्यांच्या वाटचं पडायचं. नायक होऊन गेलेल्या माणसाने दुसऱ्याचा सदरा घालून, चेहरा कॅमेऱ्यापासून वळवून काम करायचं ठरवणं सोपं नसतं. हिरोचं काम सुटल्यावर कडवट झालेली माणसं सिनेमाच्या धंद्यात पुष्कळ सापडतात. कनट कडवट झाल्याचं त्याच्या कामात तरी कुठे दिसत नाही.

न लागलेला ठोसा

१९३०नंतरच्या स्वस्त वेस्टर्नपटांत आणि मालिकापटांत (भागाभागांनी दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत) काम करताना त्याची गाठ जॉन वेन नावाच्या तरुण नटाशी पडली. वेन तेव्हा मोठा स्टार नव्हता. मोनोग्राम स्टुडिओसाठी बनणाऱ्या ‘लोन स्टार’ चित्रपटांत तो नायक असे आणि कनट बहुधा गुंडांपैकी एक. शिवाय अवघड प्रसंगात वेनच्या जागी डुप्लिकेट म्हणूनही कनटच. त्यामुळे घोड्यांच्या पाठलागात पुढचा गुंडही तोच आणि मागचा नायकही तोच, अशी वेळ अनेकदा येई. वेनने पुढे उघड सांगितलं की आपली चाल आणि बोलण्याची ढब आपण कनटचं निरीक्षण करून उचलली. लांब ढांगा टाकत, किंचित झुकून चालणारा जो वेन जगाने डोक्यावर घेतला, त्याच्या आत वॉशिंग्टनचा एक गुराखी होता.

या दोघांच्या नावावर एक महत्त्वाची गोष्ट जमा आहे : पडद्यावरच्या मारामारीची पद्धत. त्याआधी नट एकमेकांच्या खांद्यावर, छातीवर खरोखर गुद्दे घालत आणि तोंडावर मारताना हात आखडता घेत. ते पडद्यावर लुटुपुटीचं दिसे, आणि जोशात हात सुटला की दात पडत. कनट आणि वेन यांनी कॅमेरा कुठे आहे यावरून सुरुवात केली. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मारणाऱ्याच्या पाठीमागे ठेवायचा. मूठ चेहऱ्यापासून अंतर राखून, पण पूर्ण जोराने समोरून जाऊ द्यायची. त्या कोनातून मधली मोकळी जागा दिसतच नाही. मूठ चेहऱ्यासमोरून जाते त्याच क्षणी समोरच्याने मान झटकायची. आवाज नंतर ध्वनिपट्टीवर चढवायचा. मूठ लागतच नसल्यामुळे ती पूर्ण ताकदीने फिरवता येते, म्हणून हा ठोसा खऱ्याहून खरा वाटतो.

या पद्धतीत ठोसा मारणारा, खाणारा आणि कॅमेरा असे तिघे मिळून मारामारी ‘करतात’. म्हणजे भिंग कुठे ठेवायचं हे ठरवल्याशिवाय स्टंटमनला हात उचलता येत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांतल्या दिग्दर्शनाचं बीज मला इथे दिसतं. रिपब्लिक स्टुडिओतल्या विल्यम विटनी या दिग्दर्शकाने हीच मारामारी पुढे लहान लहान शॉटमध्ये तोडून, नाचासारखी बसवायला सुरुवात केली. कनटने त्याच्याही हाताखाली काम केलं. ‘झोरो राइड्स अगेन’मध्ये नायकाला मुखवटा होता, त्यामुळे मुखवट्याआड कनट हवा तितका वेळ राहू शकला.

त्याच वर्षांत आपल्या मुंबईत परळला वाडिया मूव्हीटोन स्टंटपट काढत होती, १९३५च्या ‘हंटरवाली’पासून नादियाने गिरणगावाला वेड लावलं होतं, आणि मास्टर भगवान गिरणी कामगारांच्या आवडीचे मारधाडीचे चित्रपट झपाट्याने बनवत होते. अमेरिकी मालिकापट इथे पोहोचत होते. घोड्यांवरचे पाठलाग पोहोचले, मुखवटे आणि चाबूक पोहोचले, पण कॅमेऱ्याचा तो कोन सगळीकडे पोहोचला नव्हता. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर एका प्रसंगात भगवानदादांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. ती खरोखर लागली आणि फार जोरात लागली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, काही वर्षं उपचारात गेली आणि नायिका म्हणून चाललेली कारकीर्द संपली. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांनी त्यांना अमर केलं हे खरं, पण त्या थपडेची किंमत त्यामुळे कमी होत नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. नव्हती ती फक्त पद्धत. कनटच्या कामाकडे मी निव्वळ धाडसाच्या गोष्टी म्हणून का पाहू शकत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे.

सहा घोडे आणि एक गाडी

१९३९चा, जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’. अपाची या मूळ रहिवाशांच्या जमातीचे योद्धे घोडागाडीचा पाठलाग करतात. एक जण आपल्या घोड्यावरून उडी घेऊन गाडीच्या सर्वांत पुढच्या जोडीवर येतो. वेन त्याच्यावर गोळी झाडतो. तो दोन घोड्यांच्या मध्ये खाली घसरतो, गाडीच्या दांडीला लोंबकळत फरफटला जातो. दुसरी गोळी बसते, हात सुटतात, आणि मागच्या घोड्यांच्या टापा व पाठोपाठ अख्खी गाडी त्याच्यावरून निघून जाते. हे सगळं सलग, डोळ्यांसमोर. तो अपाची म्हणजे कनट.

आता यातला हिशेब पाहू. गाडीला तीन जोड्या, म्हणजे सहा घोडे. दोन रांगांच्या मध्ये माणसाच्या खांद्यांना पुरेल एवढी जागा. वरवर विचार केला तर कुणीही म्हणेल, घोडे हळू चालवा, धोका कमी होईल. कनटचं म्हणणं नेमकं उलट होतं. घोडे भरधाव पळाले तरच सरळ पळतात. हळू चालले की इकडेतिकडे सरकतात, पाय कुठेही टाकतात. म्हणजे वेग वाढवला की मधली जागा जिथल्या तिथे राहते. मग दांडी सोडतानाची गोष्ट. पाठीवर पडायचं, हात छातीपोटावर घ्यायचे आणि कोपरं अंगाला घट्ट चिकटवायची, कारण गाडीचा पुढचा आस कोपरांना उडवून नेऊ शकतो. पाय सरळ, एकमेकांना लागून. माणसाने आपली रुंदी त्या रिकाम्या पट्ट्याएवढी करायची आणि तशीच ठेवायची.

ही करामत त्याने फोर्डच्या सेटवर पहिल्यांदा केली नव्हती. १९३७च्या ‘रायडर्स ऑफ द डॉन’ या कुणाच्या फारशा लक्षात नसलेल्या चित्रपटात ती आधी करून झाली होती. स्वस्त चित्रपट त्याच्यासाठी प्रयोगशाळा होते. तिथे घोडे कसे वागतात, किती जागा राहते, कुठे फसतं हे कळलं आणि मग तीच गोष्ट मोठ्या दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्यासमोर आली. शॉट झाल्यावर कनट उठून फोर्डकडे गेला आणि कॅमेऱ्यांनी नीट टिपलं का, असं विचारलं. फोर्डचं उत्तर असं सांगतात की टिपलं नसलं तरी हे मी पुन्हा करायला लावणार नाही. मला यात फोर्डच्या उत्तराहून कनटचा प्रश्न मोठा वाटतो. अंगावरून गाडी गेल्यावर माणूस आधी कॅमेऱ्याची चौकशी करतो.

त्याच पाठलागात लगाम हातचे सुटतात आणि वेन घोड्यांच्या जोड्यांवरून उड्या मारत पुढे जातो. तिथेही कनटच आहे, वेनच्या कपड्यांत. गोळी खाणाराही तोच, गाडी वाचवणाराही तोच. नदी ओलांडण्याच्या प्रसंगासाठी गाडी तरंगती ठेवायला दोन्ही बाजूंना पोकळ केलेले ओंडके बांधण्याची युक्तीही त्याचीच. त्या चित्रपटातला तो माणूस स्टंटमन म्हणून मोजला गेला, पण थरार कसा घडेल याची आखणी त्याच्या डोक्यात होती.

एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या प्रसंगातल्या अपाचीला नाव नाही, घर नाही, बोलणं नाही. तो फक्त पडण्यासाठी आला आहे, आणि त्याचं काम करणारा माणूस गोरा आहे. हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांनी मूळ रहिवाशांना पिढ्यान्पिढ्या असं निशाण्यावरचं लक्ष्य करून ठेवलं. कनटचं कौशल्य त्याच कारखान्यात तयार झालं. त्या शॉटने मी आजही थक्क होतो, आणि हेही विसरता येत नाही.

त्याच वर्षीच्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये अटलांटा जळत असताना गाडी हाकणाऱ्या गेबलच्या जागी कनट होता आणि पुलाजवळ स्कार्लेटवर हल्ला करणाऱ्या गुंडाची लहानशी भूमिकाही त्याची होती. म्हणजे एका वर्षात हॉलिवूडच्या दोन शिखरांवर हा माणूस हजर होता, आणि प्रेक्षागृहातल्या बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

पडण्याची अवजारं

घोड्यावरून पडताना स्वाराला भीती जमिनीची कमी आणि रिकिबीची जास्त असते. पाय रिकिबीत अडकला की घोडा फरफटत नेतो, आणि घाबरलेला घोडा थांबत नाही. कनटने बाहेरच्या बाजूने उघडी असलेली, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची रिकीब वापरात आणली. पाय टेकायला आधार आहे, पण अडकायला कडंच नाही. एवढीशी गोष्ट. स्टंटमनांचे किती पाय आणि मणके तिने वाचवले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

दुसरं अवजार गाडी उलटवण्याचं. गाडीच्या साजाला अशी खीळ की ठरलेल्या क्षणी घोडे सुटून पुढे पळून जातील, आणि जमिनीत रोवलेल्या तारेचा हिसका बसून गाडी ठरलेल्या जागीच उलटेल. यात माणूस आणि घोडे वाचले, हा पहिला फायदा. दुसरा फायदा कॅमेऱ्याचा. गाडी नेमकी कुठे पडणार हे माहीत असेल तर कॅमेरा जवळ नेता येतो. माहीत नसेल तर तो लांब, सुरक्षित टेकडीवर ठेवावा लागतो आणि प्रेक्षकाला दिसते ती दूरवरची धूळ. सुरक्षितता आणि थरार या दोन विरुद्ध गोष्टी आहेत, असं सेटवर आजही बोललं जातं. कनटच्या हिशेबात थरार सुरक्षिततेतूनच निघत होता.

पण ‘रनिंग डब्ल्यू’चं काय? हेही त्याच्याच नावाशी जोडलेलं तंत्र. घोड्याच्या पुढच्या पायांच्या घोट्यांना तार बांधायची, ती पोटपट्ट्याच्या कडीतून मागे न्यायची आणि दुसरं टोक जमिनीत पक्कं करायचं. भरधाव घोडा तारेच्या टोकाला पोहोचला की पुढचे पाय खेचले जातात आणि तो तोंडघशी कोलमडतो. स्वार पुढे फेकला जातो. पडद्यावर भयंकर परिणामकारक, घोड्यासाठी भयंकर. अनेक घोडे मेले, अनेक पुन्हा स्वारीला निकामी झाले. आपण शेकडो वेळा हे केलं आणि आपल्या हातून एकही घोडा जायबंदी झाला नाही, असं कनट सांगत असे. जमीन भुसभुशीत करणं, तारेची लांबी, योग्य घोडा निवडणं यात तो तरबेज होता, त्यामुळे ते खरं असेलही. तरीही मला हा बचाव पुरेसा वाटत नाही. एकाच माणसाच्या हातात सुरक्षित असणारं अवजार मुळात सुरक्षित नसतं, कारण सेटवर ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हातात जातं. उघडी रिकीब कुणीही लावली तरी पाय सुटतो. तारेचं तसं नव्हतं. १९३६च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये घोडे मेले, १९३९च्या ‘जेसी जेम्स’मध्ये एका घोड्याला कड्यावरून पाण्यात ढकललं गेलं आणि तो मेला. त्यावर झालेल्या गदारोळानंतर १९४०पासून अमेरिकन ह्युमेन ही संस्था हॉलिवूडच्या सेटवर प्राण्यांवर देखरेख करू लागली. हळूहळू तारेची जागा पडायला शिकवलेल्या घोड्यांनी घेतली. कनटच्या चरित्रातलं हे पान त्याच्या चाहत्यांनी गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

घोटे मोडल्यानंतर

‘आयडाहो’च्या अपघातातून बरा झाल्यावर त्याने वेनच्याच ‘इन ओल्ड ओक्लाहोमा’ची साहसदृश्यं लिहिली आणि ती बसवून घेतली. स्वतः पडायचं नाही, पडणाऱ्यांना सांगायचं. मग रिपब्लिकने त्याला दिग्दर्शनही दिलं. १९४५चा ‘शेरिफ ऑफ सिमरॉन’, त्याच वर्षीच्या ‘मॅनहंट ऑफ मिस्ट्री आयलंड’ या मालिकापटाचं सहदिग्दर्शन, १९४८ला ‘जी-मेन नेव्हर फर्गेट’ आणि आणखी काही. पैसा थोडा, दिवस थोडे, प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात. या चित्रपटांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. घोडे धावू लागले की चित्र जिवंत होतं, माणसं खोलीत बसून बोलू लागली की मंदावतं. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून कनट साधा होता, हे मान्य करायला हवं.

त्याची खरी जागा सेकंड युनिटमध्ये होती. मोठ्या चित्रपटात मुख्य दिग्दर्शक नटांबरोबर काम करतो तेव्हा दुसरी तुकडी लढाया, पाठलाग, अपघात चित्रित करत असते. या तुकडीच्या दिग्दर्शकाला संवादाची गरज नसते. घोडा, माणूस, अंतर, वेग आणि भिंग एवढ्याच गोष्टींचं व्याकरण यावं लागतं, आणि ते कनटला येत होतं. १९५२च्या ‘आयव्हॅन्हो’साठी एमजीएम स्टुडिओने त्याला इंग्लंडला नेलं. सरदारांची भाल्यांची द्वंद्वं त्याने तिथे बसवली आणि ती बसवताना ब्रिटिश स्टंटमनांची एक फळीच आपल्या पद्धतीत तयार केली.

रोम, छत्तीस घोडे

‘बेन-हर’ विल्यम वायलरचा, पण रथांची शर्यत सेकंड युनिटची : अँड्रू मार्टन आणि याकिमा कनट. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत अठरा एकरांवर रिंगण उभारलं गेलं. अठरा रथ बांधले, प्रत्येकी सुमारे चारशे किलोंचे. निम्मे शर्यतीसाठी, निम्मे सरावासाठी. अठ्ठ्याहत्तर घोडे आणले गेले. त्यांना तयार करायला ग्लेन रँडल हा नामांकित शिकवणारा होता. मुख्य रिंगणाशेजारी त्याच मापाचं दुसरं रिंगण केवळ सरावासाठी केलं, म्हणजे घोड्यांना आणि सारथ्यांना वळणं आधीच अंगवळणी पडावीत. चार घोडे शेजारी शेजारी जुंपलेला रथ तीव्र वळणावर घेणं हे एकट्या धाडसाचं काम नाही. आतल्या घोड्याने किती आखडायचं आणि बाहेरच्याने किती ताणायचं हे त्या घोड्यांनाच शिकवावं लागतं.

याची तुलना १९२५च्या मूकपटाशी करायला हवी. तेव्हाच्या ‘बेन-हर’मध्ये शर्यतीत खरे अपघात होऊ दिले गेले आणि बरेच घोडे मेले. कनटच्या शर्यतीत अपघात होते, पण आखलेले. तुडवल्या जाणाऱ्या माणसांच्या जागी हुबेहूब बाहुले होते. १९५९च्या शर्यतीत एक माणूस मेला ही अफवा आजही फिरते. ती खोटी आहे.

बेन-हर झालेल्या चार्लटन हेस्टनला रथ हाकायला कनटनेच शिकवलं. हेस्टनला चिंता होती की रथ तर जमतोय, पण शर्यत जिंकायची कशी? कनटने त्याला सांगितलं ते साधारण असं : तू फक्त रथात उभा राहा, जिंकवायचं मी बघतो. ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. मला त्यात कामाची नेमकी वाटणी दिसते. नटाने काय सांभाळायचं आणि आखणाऱ्याने काय, हे त्यात स्पष्ट आहे.

बेन-हरचा प्रतिस्पर्धी मेसाला, त्याचा शेवट आठवा. त्याचा रथ मोडतो आणि तो घोड्यांमागे फरफटला जातो. मेसाला झालेल्या स्टीफन बॉइडने कपड्यांखाली पोलादी कवच घालून जवळचे शॉट स्वतः दिले, तुडवलं जाण्याचा शॉट बाहुल्यावर घेतला. टापांच्या मध्ये सापडलेला माणूस ही कल्पना ‘स्टेजकोच’चीच, वीस वर्षांनी परतलेली. तेव्हा कनट स्वतः टापांखाली होता. आता तो कवच, बाहुला, कॅमेरा आणि घोडे यांच्यात तेच काम वाटून देत होता, आणि कुणालाच खरं टापांखाली जावं लागलं नाही.

तरीही हिशेबात एक फट राहिली. मोडलेल्या रथावरून बेन-हरचा रथ उडी घेतो, त्या शॉटमध्ये हेस्टनच्या जागी कनटचा मुलगा ज्यो होता. रथ उडवण्यासाठी लपवलेला उतार होता. रथ अपेक्षेपेक्षा जास्त उसळला आणि ज्यो पुढच्या कठड्यावरून उलटा फेकला गेला. हात कठड्यावर, पाय आकाशात. त्याने पकड सोडली नाही म्हणून तो चाकांखाली गेला नाही. हनुवटीला जखम झाली, तेवढ्यावर निभावलं. तो शॉट चित्रपटात आहे. त्याला हेस्टन रथात परत चढतानाचा शॉट जोडला आणि पटकथेत नसलेला तो क्षण शर्यतीचा कळस झाला.

या प्रसंगाला काही जण कनटच्या कारकिर्दीचा मुकुट मानतात. मी तो त्याच्या पद्धतीची सीमा म्हणून पाहतो. उताराचा कोन, रथाचं वजन, घोड्यांचा वेग, सगळं मोजूनही एक उसळी मोजायची राहिली, आणि तिथे ज्योच्या मनगटांनी काम केलं. बापाने त्या क्षणी कॅमेऱ्यामागून काय पाहिलं असेल, याची कल्पना करवत नाही. शर्यतीचं चित्रीकरण पाच आठवडे चाललं. पडद्यावर ती साधारण नऊ मिनिटं आहे.

त्यानंतर मोठी कामं रांगेने आली. ‘स्पार्टाकस’, स्पेनमध्ये ‘एल सिड’, ज्यातलं बेल्मोन्ते किल्ल्यासमोरचं द्वंद्व आजही शिकण्यासारखं आहे, ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’, ‘खार्टूम’. १९६८च्या ‘व्हेअर ईगल्स डेअर’चं सेकंड युनिट त्याने सांभाळलं तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता आणि त्या चित्रपटात घोड्यांऐवजी बर्फ आणि दोरखंडावरचा पाळणा होता. घोड्यांपासून सुरू झालेलं अंतर-वेगाचं व्याकरण तिथेही चाललं.

नाव

१० एप्रिल १९६७च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला मानद पुरस्कार दिला गेला. स्टंटमन म्हणून केलेल्या कामगिरीसाठी, आणि जगभरच्या स्टंटमनांचं रक्षण करणारी साधनं घडवल्याबद्दल, असं त्याचं कारण अकादमीने नोंदवलं. उघडी रिकीब आणि सुटणारा साज यांचा एवढ्या मोठ्या मंचावर गौरव झाला, याचा मला फार आनंद वाटतो. पुरस्कार सहसा पडद्यावर दिसलेल्या गोष्टीला मिळतात. हा न झालेल्या इजांसाठी होता.

२४ मे १९८६ रोजी तो गेला, वयाच्या नव्वदीत. टॅप आणि ज्यो ही दोन्ही मुलं याच धंद्यात राहिली. १९८१च्या चित्रपटात इंडियाना जोन्स हा नायक धावत्या ट्रकखालून फरफटत गेला, ती ‘स्टेजकोच’चीच आठवण होती, घोडे गेले आणि चाकं आली, पण माणसाची रुंदी आणि खालची रिकामी जागा यांचं गणित तेच होतं. तिथे ट्रकखाली खणून खोलगट वाट केली होती, म्हणजे जागा वाढवण्याचं कनटला न परवडलेलं कामही कुणीतरी केलं.

स्टंटच्या कामासाठी ऑस्करमध्ये कायमचा विभाग मात्र नव्हता. तशी मागणी स्टंटमन मंडळी वर्षानुवर्षं करत होती. अखेर एप्रिल २०२५मध्ये अकादमीने स्टंट डिझाइनचा स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. तो २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून, म्हणजे २०२८च्या शंभराव्या सोहळ्यात पहिल्यांदा दिला जाईल. कनटच्या मानद पुरस्कारापासून या घोषणेपर्यंत अठ्ठावन्न वर्षं गेली.